मेंढरं बसलेलं रान

उत्कर्षा : थांबा मामा, ते कार्ड काढू नका. भिंतीवरचं एक हललं तरी अख्खी कादंबरी हलते माझी.

कुंडलिक : काढत न्हाय गं, वाचतुय. ‘प्रकरण सातवं. मेंढरं बसवली.’ आनि म्होरं?

(शहरातली खोली, भर दुपार. मैंदर्गीहून भाचीकडे आलेला मामा अजून टेकलासुद्धा नाही. आतल्या खोलीत उत्कर्षाची आई, चिमाबाई, आडवी झाली आहे.)

उत्कर्षा : पुढचंच अडलंय, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आधी सगळा आराखडा बांधायचा, कुठल्या प्रकरणात कोण काय करतं ते, मगच लिहायला बसायचं. सोमवारी प्रकाशकाला पाठवायचाय तो.

कुंडलिक : लिवायच्या आधीच समदं ठरवायचं? मग लिवायचं कशाला?

उत्कर्षा : बसा तरी. एक शेतकरी असतो. दारुडा, बायकोला बडवणारा. एक दिवस दिसेनासाच होतो. बायको गावाला सांगते, मुंबईला गेला कामाला.

कुंडलिक : जोतिरामदाजी पुन्याला गेलं हुतं.

उत्कर्षा : म्हणून तर मुंबई केली. गावही मोडनिंब केलंय. कादंबरी आहे ती, मी काही बाबांचा फोटो छापत नाही. तर त्या बायकोचा भाऊ मेंढरं घेऊन येतो आणि तिच्या रानात बसवतो.

कुंडलिक : बसवनारच की. खत हुतंय रानाला.

उत्कर्षा : किती दिवस बसवतात?

कुंडलिक : दोन रात्री. लई तर तीन. मग मेंढरांभवतीची जाळी उचलायची, फुडच्या पट्टीत लावायची. जास्त बसली तर मुतानं रान जळतंय.

उत्कर्षा : माझ्या कादंबरीत महिनाभर जाळी हलत नाही.

कुंडलिक : मग चुकलीस. खोड ते. वाचनारा धनगर हसंल तुला.

उत्कर्षा : मी पाहिलंय, मामा. पहिलीत होते. विहिरीजवळचा तुकडा. रोज शाळेतून आले की कोकरांत जाऊन बसायचे, आणि जाळी तिथंच. पुढच्या साली तेवढ्याच तुकड्यातली ज्वारी पिवळी पडली.

कुंडलिक : आनि काय काय आठवतंय तुला?

उत्कर्षा : असं का विचारता?

कुंडलिक : सहज. ल्हान पोराला दोन दिस बी म्हैना वाटतुय.

उत्कर्षा : मीही मनाची तशीच समजूत घातली होती. पण आराखडा करायला घेतला की प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. या जाळीला काही केल्या कारण मिळेना. परवा मेथी निवडत होते, तेव्हा सुचलं. मेंढरं बसली की जमीन तुडवून निघते. खाली कुणी खणलंय की नाही, कुणाच्या बापाला कळत नाही.

कुंडलिक : हळू बोल. आक्का निजलीय.

उत्कर्षा : म्हणजे खरं आहे.

कुंडलिक : फोन लाव त्या प्रकाशकाला. दुसरी गोष्ट देते म्हन.

उत्कर्षा : भीती मलाही वाटतेय, मामा. पण आता माघारी कशी फिरू? तेवढं सांगा. कुणी मारलं बाबांना?

कुंडलिक : मी.

उत्कर्षा : मामा...

कुंडलिक : मी मारलं. लिव की. कार्डावर नाव घाल, कुंडलिक. आत्ता घाल माज्यासमोर.

उत्कर्षा : तुम्ही तेव्हा मेंढरं घेऊन आळंदच्या बाजूला होता. आईनं शेजारच्या सिद्धूला मोटारसायकलवर धाडलं तुम्हाला आणायला. पुढं टाकीवर मी बसले होते. तुम्ही मला घोंगडीत गुंडाळून घेतलं, अजून त्या घोंगडीचा वास आठवतो. आणि बाबा आदल्या दिवसापासूनच घरात नव्हते.

कुंडलिक : आनि त्याच्या आधीचं?

उत्कर्षा : आधीचं काही नाही. तेवढा दिवस कुणी पुसून टाकल्यासारखा.

कुंडलिक : मग ऱ्हाऊ दे तसाच. पाया पडतो तुज्या. मामा असून भाचीच्या पाया पडतो, आनि काय करू सांग!

उत्कर्षा : तुम्ही नव्हता. मग घरात होतं कोण? मी आणि...

चिमाबाई : आनि मी. कुंडलिक, ऊठ खालनं. पोरीच्या पायाशी काय बसतोस?

उत्कर्षा : आई, तू जागी होतीस?

चिमाबाई : आठ दिस झालं जागीच हाय. तू कार्डं लावतीस आनि येकटीच वाचत बसतीस मोठ्यानं. मला अक्षर येत न्हाय, कान हायत की. कुठवर आलं पुस्तक?

उत्कर्षा : सातव्यापर्यंत.

कुंडलिक : आक्का, तू आत जा.

चिमाबाई : लई वर्सं आतच हुते. उत्कर्षे, त्या बाईनं मारलं आसं लिव. खरंच हाय ते. पोलिसात दे तिला, फाशी दे, मी काय बी म्हननार न्हाय. फकस्त तिची लेक त्या दिवशी शाळेत गेली हुती आसं दाखव.

उत्कर्षा : पण शाळेला सुट्टी होती. मी घरीच... आई, मी घरी होते का?

कुंडलिक : आक्का, नगं.

चिमाबाई : ती बाई खाली पडली हुती. नरडं त्याच्या हातात. कोयता पार चुलीपाशी. तो तिच्या हातात कुनी आनून दिला, तेवढं लिवू नगंस, बाळा.