गोदामाईत सोडलेली फाईल

कोपरगावातल्या हृदयाच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी बसलेल्या बनुबाईंचं सारं ध्यान संध्याकाळच्या कीर्तनाकडं लागलं होतं. पण शेजारच्या बाकावर सासू-सून बोलू लागल्या आणि त्यांचे कान तिकडं वळले.

“आत्या, ओम पोटात असताना मला शुगर हुती, ते डॉक्टरांना सांगते.”

“कशाला? बाळंत झालीस अन् ती गेली.”

“शुगर गेली. पन ती रक्ताच्या शिरा खराब करून जाती, दरसाल तपासून घ्या, असं बाळंतपनाच्या डॉक्टर मॅडमनी फाईलवर लिवलं हुतं.”

“त्या फाईलचं नाव काढू नको. ओमच्या जावळासंगं गोदामाईत सोडली म्यां. घरातली पीडा घराबाहेर घालवली.”

“म्हनून सहा वर्सं तपासनी झाली न्हाई. आता जिना चढले की छातीत आवळतं. बत्तिसावं चालू हाय मला.”

“आमी चार बाळंतपनं काढून उसात खुरपलं. तुमचीच छाती नाजूक. अन् सोडलेल्या पीडेचं नाव घेतलं की ती माघारी येती.”

“ती गेलीच कवा हुती, आत्या?”

“हळू बोल. लोकं ऐकत्यात.”

बनुबाईंनी मान खाली घातली. तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आली.

“निकिता कोण? गरोदरपणात शुगर, बीपी काही होतं?”

“काय न्हाई बाई. सुखरूप बाळंत झाली ती.”

“आजी, पेशंटला बोलू द्या. निकिताताई, शुगर होती का?”

सासूचे वटारलेले डोळे पाहून निकिता म्हणाली, “आत्या सांगत्यात तसंच लिवा.”