अर्धी आरती वरच्या वाड्यात, अर्धी खालच्या

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या मुख्याध्यापिका विनोदिनीबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती गोकुळदास सर, आणि समोर बसलेल्या गावच्या वरच्या नि खालच्या वाड्यातल्या तमाम आयांनो, बाबांनो, पोरांनो! सर्वांना माझा नमस्कार. मी यशोदा, सेजलची आई, पालक-शिक्षक संघाची अध्यक्ष. बाईंनी पाच मिनिटं दिली आहेत. मला ओळखणारे हसतायत, हसू द्या.

सर चोपडे गावचे. इथे साखळीत भाड्याची खोली घेऊन राहिले आणि आमच्या शाळेत संगीत शिकवू लागले. नेमके भांडणाच्या वर्षी आले बिचारे! खाणीची माती पावसात खालच्या वाड्याच्या शेतांत उतरली, भात गाडलं गेलं. त्यांनी रस्ता अडवला, आमचे वरच्या वाड्याचे खाणीवर चालणारे ट्रक दारात उभे राहिले. कोण खरं, कोण खोटं? दोघांचीही पोटं खरी होती. मी आमच्या ट्रकांच्या बाजूने भांडले आणि त्याची मला आजही लाज नाही. पण वर्गात पोरं एका बाकावर बसेनात. माझी सेजल आणि खालच्या वाड्यातल्या रूपालीचा गौरेश पहिलीपासूनचे सोबती. ते एकमेकांना बघून रस्ता बदलू लागले. ते मात्र मला सोसलं नाही.

तेव्हा दोन्ही वाड्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. काय? तर पोरांना आरतीचं वादन वेगवेगळं शिकवा! सर म्हणाले, "बरं तर. सोमवारी वरचा वाडा, गुरुवारी खालचा." आम्ही खूश. माणूस गरीब आहे, ऐकतो, असं वाटलं. अहो, कसला गरीब!

गणपतीची चवथ आली. आमच्याकडे आरतीला गळ्यात अडकवायचा मातीचा घुमट, काठ्यांनी वाजवायचा शमेळ आणि झांजांसारखी कासाळं तिन्ही लागतात, हे पाहुण्यांना सांगायला नको. माझ्या घरी वरच्या वाड्यातली सगळी पोरं जमली. सेजलने शमेळावर काठ्या टाकल्या, काय हात पोरीचा! पण घुमट कोणी उचलेना.

"गे, घुमट कोण वाजवणार?" मी विचारलं.

"आमकां सरांनी फक्त शमेळच शिकवला, आई."

"आणि घुमट?"

"तो खालच्या वाड्याला."

आमच्या घरच्या पुरुषांचं म्हणाल, तर त्यांना ट्रकाचा हॉर्न तेवढा वाजवता येतो. निरांजनं पेटलेली, गणपती समोर, आणि आम्ही सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. तेवढ्यात अंगणात रूपाली उभी. ती सेजलला न्यायला आली होती, कारण तिच्याकडे घुमट होता आणि शमेळाला कोणी नव्हतं. मागे गौरेश, गळ्यात घुमट. रूपाली म्हणाली, "यशोदा, भांडण उद्या करूया गो. देव ताटकळलाय."

आधी आमच्याकडे आरती झाली, मग सगळी मिळून त्यांच्याकडे. त्या चवथीला पोरं घराघरांत फिरली, दोन्ही वाड्यांत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरांना जाब विचारायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच वेगवेगळं शिकवा म्हणालात. शिकवलं." आता या माणसाला काय बोलायचं, सांगा!

भांडण मिटलं म्हणून मी सांगत नाही. शेतातली माती अजून आहे, ट्रकही आहेत. पण सोमवार-गुरुवार गेले, वर्ग एक झाला. फक्त सरांनी हट्ट सोडला नाही. आजपर्यंत वरच्या वाड्याला घुमट नाही की खालच्याला शमेळ नाही. आणि आता सर चालले. नवीन शिक्षक कधी येतील, देव जाणे. मला धास्ती एकच होती, पुन्हा दोन वर्ग झाले तर? म्हणून परवा मी विनवलं, "सर, जाता जाता पोरांना उरलेलं अर्धं शिकवून जा." तर म्हणतात कसे, "ते माझ्याकडून नको. ज्याला येतं त्याच्या घरी जाऊन शिकू देत."

सर, गावात तुमच्याइतका आतल्या गाठीचा माणूस मी पाहिला नाही. चोपड्याला सुखाने राहा. पण चवथीला आमच्याकडे जेवायला यायचं, हे आमंत्रण नाही, हुकूम आहे.

शाळेचे, पाहुण्यांचे आणि मला सहन केल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल तर आपली म्हणून पोटात घाला. आणि रूपाली, तिथूनच ऐक. उद्या संध्याकाळी सेजल तुझ्याकडे घुमट शिकायला येतेय. गौरेशला परवा माझ्याकडे पाठव, शमेळ बाहेर काढून ठेवते.