त्रेचाळिसावं पान

काकू, सगळी गुरुजन मंडळी, आणि सरांच्या हाताखालून गेलेले तुमी सगळे. मी यासीन. कापूरहोळच्या चौकात टायरचं दुकान हाय, तो यासीन. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडं पंक्चर काढून घेतलंय. माझं भाषण मात्र अजून कुणी ऐकलेलं न्हाई. मीबी न्हाई.

निगडे सर गेले. मंगळवारपासनं हे वाक्य मी एकटाच म्हणून बघतोय. तोंडातनं निघतं, पण पटत न्हाई.

सर हितंच शिकवायचे. भोरच्या ह्याच शाळेत, मराठी. मी नववीत असताना त्यांनी वर्गाला एक कादंबरी शिकवायला घेतली. अभ्यासक्रमात न्हवती. दोन पोरांची गोष्ट होती. एक डोंगरातल्या वाडीवरचा, पाण्यात मासा. दुसरा पोस्टमास्तरचा मुलगा, पाण्याला भिणारा. दोघांचं काहीच जुळत न्हाई, आणि दोघं एकमेकांशिवाय ऱ्हात न्हाईत.

पुस्तक एकच. वर्गात पोरं पन्नास. मंग सरांनी काय केलं? स्वतःचं पुस्तक घेतलं, ब्लेडनं शिवण उसवली आणि पानं सुटी केली. आमी बघतच राह्यलो. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस तो! म्हणाले, "पुस्तक कपाटात अख्खं राहण्यापेक्षा पोरांच्या हातात सुटं झालेलं बरं."

रोज दोन-तीन बाकांना एकेक पान. मधल्या सुट्टीत दोघांनी ते वाचायचं. मंग तासाला एकानं उभं राहून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते आपल्या शब्दांत सांगायचं. पुढच्या पाळीला उलट. वाचून झालं की सर म्हणायचे, "पान पालथं ठेवा." पान पालथं, आणि एक मिनिट कुणी बोलायचं न्हाई. काय ऐकलं ते आत मुरू द्यायचं. मंग दुसऱ्यानं सांगायचं.

जोड्या सरांनीच लावल्या. माझ्या शेजारी दिला अनिरुद्ध. अन्या. त्याचे वडील तहसील कचेरीत, माझे वडील टायरवाले. त्याच्या डब्यात शिरा, माझ्या डब्यात कालची भाकरी. तो सुट्टीत वाचत बसायचा, मी सुट्टीत भिंतीवर चढायचो. पंधरा दिवसांत आमी एका डब्यात जेवायला लागलो.

आता एक गोष्ट सांगतो, जी माझ्या बायकोलासुद्धा लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितली.

नववीत मला वाचता येत न्हवतं.

व्हय. वडील हायवेनं काम मिळंल तिथं बिऱ्हाड हलवायचे, माझ्या चार शाळा झाल्या. अक्षरं ओळखू यायची, पण जुळायची न्हाईत. घरी जायची एसटी मी पाटी वाचून न्हाई, कंडक्टरच्या आरोळीवर पकडायचो. हे फक्त अन्याला माहीत होतं. मंग आमी युक्ती काढली. मधल्या सुट्टीत तो मला पान तीनदा वाचून दाखवायचा. माझं डोकं तल्लख, तीनदा ऐकलं की पाठ. तासाला मी पान डोळ्यांसमोर धरायचो आणि घडाघडा म्हणायचो. सर म्हणायचे, "यासीन, तुझ्यासारखं वाचन वर्गात कुणाचं नाही." अन्या खाली मान घालून हसायचा.

एक दिवस वाऱ्यानं पानं उडाली. गोळा करताना आमच्या बाकावर दोन आली. मी उभा राह्यलो, एक पान उचललं आणि एक्केचाळिसावं पान म्हणून टाकलं. एकही शब्द चुकला न्हाई. अन्या बाकाखालून गुडघा मारतोय, मारतोय. मला वाटलं, शाबासकी देतोय. सर माझ्या मागं उभे होते.

माझ्या हातात त्रेचाळिसावं पान होतं.

सर काय बोलले? "पान पालथं ठेवा," एवढंच. मिनिट झालं. अन्यानं पान सांगितलं. तास संपला. चूक झाली हे मलाच कळलं न्हाई.

आठवड्यानं सरांनी मला बाजूला घेतलं. "उद्यापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायचं. पुढची एसटी पकडायची. आपण दोघं बाराखडीपासून बसू. कुणाला कळणार नाही."

सरांना कसं कळलं? जगात एकालाच माहीत होतं. मी एसटी स्टँडवर अन्याची गचांडी धरली. "तूच सांगितलंस."

"मी नाही सांगितलं, यासीन. आईशप्पथ."

"मंग कुणी सांगितलं? सरांना सपान पडलं?"

तो रडकुंडीला आला. पानांची अदलाबदल झाली होती हे सांगायला लागला. मला ती सारवासारव वाटली. मी ऐकून घेतलं न्हाई. दुसऱ्या दिवशी बाक बदलला.

मंडळी, त्याला सव्वीस वर्षं झाली. अन्या पुण्याला मोठा साहेब झाला. भोरला येताना त्याची गाडी माझ्या दुकानावरनंच जाते. एकदाबी थांबली न्हाई. का थांबंल? मीच तोंड फिरवायचो.

आणि पुढचं ऐका. ह्यानंतर महिन्याभरानं कादंबरीत असं आलं, की वाडीवरच्या पोराला वाटतं, पोस्टमास्तरच्या मुलानं चुगली केली. दोघं न विचारता कुणाची तरी होडी घेऊन गेलेले असतात. खरं तर त्यांच्या ओल्या पावलांच्या ठशांनीच सगळं सांगितलेलं असतं. सरांनी वर्गाला विचारलं, "चूक कोणाची?" हात कुणी वर केला? ह्या शहाण्यानं! "सर, वाडीवरच्याची. त्यानं एकदा शांतपणी ऐकून घ्यायचं होतं." सर म्हणाले, "शाबास." आणि मी अन्याला सोडून दुसऱ्या बाकावर बसलो होतो! अख्खी कादंबरी पाठ, अन् डोक्यात उजेड न्हाई.

सरांनी मला वाचायला शिकवलं. वर्षभर, रोज अर्धा तास. त्याच सुट्या पानांवर. दहावी झालो, दुकान टाकलं, पाटी माझ्या हातानं रंगवली. सर स्कूटर घेऊन यायचे. हवा भरताना दरवेळी विचारायचे, "अन्या भेटतो का रे?" मी म्हणायचो, "सर, टाईम कुठं असतो?" एकदा, फक्त एकदा मी विचारायचं होतं, "सर, तुमाला कसं कळलं होतं?" लाज वाटली. सव्वीस वर्षं एका प्रश्नाची लाज वाटली.

परवा काकूंनी मला सरांच्या घरी बोलावलं. म्हणाल्या, "यासीन, कपाटात हा गठ्ठा निघाला. वर तुमच्या दोघांची नावं आहेत." कादंबरीची पानं होती. सरांनी दोऱ्यानं बांधून ठेवलेली. मी तिथंच फरशीवर बसून सोडली.

हे त्यातलं त्रेचाळिसावं पान. समासात पेन्सिलनं लिहिलंय. अक्षर तुमी ओळखता. मी वाचतो. आज खरंखुरं वाचतो.

"यासीनच्या हातात हे पान, तोंडात एक्केचाळीस. वाचता येत नाही, ऐकून पाठ केलंय. वाचून दाखवणारा अनिरुद्धच असणार. त्याला विचारायचं नाही. विचारलं तर एकतर गुरूशी खोटं बोलावं लागेल, नाहीतर मित्राला उघडं पाडावं लागेल. पोराला असल्या कात्रीत धरू नये. यासीनशी आपणच बोलावं."

एवढंच हाय.

हे वाचल्यापासनं मला झोप न्हाई. काय माणूस होता हो हा! पन्नास पोरांच्या गलक्यात, एका तासात, त्यानं माझं भोक शोधलं. आमी ट्यूब पाण्यात बुडवून शोधतो, तेबी कधीकधी सापडत न्हाई. बरं, नुसतं भोक न्हाई दिसलं. शेजारच्या पोराची मान कात्रीत सापडंल, हेबी दिसलं. ती मान वाचवायला ते गप बसले. आणि मी तीच मान स्टँडवर पकडली. सर जी मैत्री जपत होते, ती मी मोडली, आणि त्यांना कधी सांगितलंबी न्हाई.

अन्या, तू तिसऱ्या रांगेत बसलायस. मघाशी आलास तवाच मी बघितलं. तू खरं बोलला होतास. मी चुकलो. चारचौघांत तुझी गचांडी धरली होती, म्हणून चारचौघांत माफी मागतो. सरांच्या समोर मागायची होती. उशीर झाला.

हितं ये, माझ्या शेजारी.

काकू, मंडळी, उभं राहूया. सरांना दुसरी श्रद्धांजली मला येत न्हाई. पान मी वाचलंय. आता सरांच्या रीतीनं पालथं ठेवतो. एक मिनिट कुणी बोलायचं न्हाई.

मिनिट झालं की, अन्या, सांगायची पाळी तुझी.