कान तपासायची खोली

(मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली बघा. दवाखान्यातली, कान तपासायची. काचेपलीकडे पेटीसारखी बंद जागा, तिथे हेडफोन लावून एक आई बसली आहे. काचेच्या अलीकडे यंत्रापुढे, त्याही हेडफोन लावून, तपासनीस बाई, आणि शेजारच्या स्टुलावर गोल गोल फिरणारी त्या आईची मुलगी, भिंगरी. भिंगरीचे बाबा बाहेर बाकावर आहेत. दिसलं सगळं? मग आता नुसतं ऐका.)

तपासनीस : ...आवाज आला तरच बटण दाबायचं. उगाच मला बरं वाटावं म्हणून नाही.

आई : मॅडम, यांना आत बोलवा ना. माझं सगळं तेच सांगतात.

तपासनीस : इथे कुणाला येता येत नाही. दुसऱ्याचा श्वाससुद्धा यंत्राला चालत नाही.

भिंगरी : मावशी, मग मी कशी आले?

तपासनीस : तुझं अर्धं तिकीट, तुझा श्वासही अर्धा. फिर तू. ...ताई, उजव्या कानाचा पडदा फाटलाय. कागदावर लिहिलंय, नळाखाली वाकताना लागलं.

आई : हो. नळच.

तपासनीस : पाच बोटांचा नळ?

आई : मॅडम, बाहेर ऐकू जाईल.

तपासनीस : तुमचा आवाज फक्त माझ्या कानात येतो, बाहेर जात नाही. घरी कुणी मारतं का तुम्हाला?

आई : याला पण बटण दाबायचं?

तपासनीस : बोललात तरी चालेल. नाही बोललात तरी मी रागावणार नाही.

आई : मागे डाव्या कानासाठी दुसरीकडे गेले होते. डॉक्टर देवमाणूस हो. मी रडले, तसं त्यांनी यांना आत बोलावलं. समोर बसवून छान समजावलं. यांनी माझी माफी मागितली. डॉक्टरांचेच डोळे भरून आले.

तपासनीस : आणि मग?

आई : मग घरी आल्यावर यांनी मला समजावलं.

तपासनीस : डॉक्टर चुकले. मारणाऱ्याला असं बोलावून सांगायचंच नसतं. मी तुमच्या नवऱ्याला एक अक्षर बोलणार नाही. पण केसांआडचे, मानेवरचे वळ बघितलेत मी. गळा दाबला होता ना?

आई : एकदाच.

तपासनीस : गळ्यापर्यंत हात गेला की पुढचं सांगता येत नाही, ताई. घाबरवत नाही, खरं सांगते. आमच्याकडे एक बाई आहेत, याच कामाच्या. जखम कशी झाली ते खरं लिहून ठेवतात, राहायची सोय करतात. या खोलीला मागे दार आहे, ते जिन्यापाशी उघडतं. वर गेलं की त्यांची खोली. जायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

आई : आत्ता?

तपासनीस : आत्ता जमेल. भिंगरीला घेऊन.

आई : गेले असते हो. मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं. पण बाळ त्यांच्या मांडीवर आहे.

तपासनीस : रडलं की देतील ना तुमच्याकडे?

आई : बाहेर पडलो की एक मूल ते आपल्यापाशीच ठेवतात. लोक म्हणतात, बापाला काय हौस आहे बघा!

तपासनीस : ...मग बाळाचेही कान तपासायचेत असं सांगू. लहान बाळांचे तपासतातच. मी गेले तर त्यांना शंका यायची. भिंगरीला पाठवू?

आई : तीच त्याला कडेवर घेऊन हिंडते. पण तिने ऐकलं का हो आपलं?

तपासनीस : तुमचं तर तिला ऐकूच येत नाही. आणि माझ्याकडे लक्ष कुठाय, गरगर फिरतेय. ...भिंगरी, इकडे ये बाळा. बाबांना सांग, मावशी बाळाचे कान बघणार आहेत. त्याला घेऊन ये. एवढंच सांगायचं.

भिंगरी : धावत जाऊ?

तपासनीस : चालत. शहाण्यासारखी.

आई : गेली?

तपासनीस : गेली. हेडफोन काढून ठेवा, बाहेर या. बटण सोडा, ताई. इकडे दिवा सारखा लागतोय.

आई : सोडलं. ...आले. मॅडम, तिथे राहायचं म्हणजे कसं असतं?

तपासनीस : खोली असते. साधीच. दोन पलंग, खिडकी, दाराला कडी.

आई : कडी कुठल्या बाजूने?

तपासनीस : आतून.

आई : आतून...

तपासनीस : चपला घाला. बाळ आलं की थांबायचं नाही.

आई : उशीर होतोय का हो? की मलाच वाटतंय?

तपासनीस : झोपलेलं असेल, उचलायला वेळ लागतो. ...आली बघा. भिंगरी, बाळ कुठाय गं?

भिंगरी : बाबांकडे.

तपासनीस : दिलं नाही त्यांनी?

भिंगरी : देत होते. मीच म्हटलं, तुम्हीच आणा.

आई : असं का म्हणालीस, बाई?

भिंगरी : आपण सगळे वर राहायला गेलो की बाबा बाकावर एकटेच राहतील ना? म्हणून मी त्यांना हाताला धरून जिन्यापाशी नेलं. त्या मागच्या दारासमोरच उभे आहेत ते.