डोनटचा डबा

सोल्वे : तू परत खोटं बोललीस.

कारिन : हळू बोल. डॉक्टर कधीही येतील.

सोल्वे : नर्सने मला विचारलं होतं, आई. शेवटची पाळी कधी आली, हे मला विचारलं होतं. तू मधेच "मागच्या महिन्यात, वीस तारखेला" म्हणून मोकळी झालीस. वीस तारीख कुठून काढलीस?

कारिन : काहीतरी सांगावंच लागतं. आपण नडगी दाखवायला आलोय. पाय दुखतोय तुझा, पोट नाही.

सोल्वे : मागच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला आजीकडे होतो तेव्हा आली होती, ती शेवटची. आता ऑक्टोबर संपत आला. अकरा महिने झाले.

कारिन : महिने मोजायला मलाही येतात.

सोल्वे : येतात ना. बाथरूममधल्या पॅडच्या पुड्यावरची धूळ तूच पुसतेस.

कारिन : अकरा दिवसांवर राज्य स्पर्धा आहे. विद्यापीठाचा कोच खास तुला बघायला येतोय. नडगीला पट्टी बांधायची, दोन दिवस बर्फ लावायचा आणि धावायचं. हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस.

सोल्वे : घास. परवा माझ्या ताटातला बटाटा उचलून तूच फ्रिजमध्ये ठेवलास.

कारिन : शर्यत तोंडावर आली की मीही असंच खायचे.

सोल्वे : माहितीये. आणि तुमच्या वेळीही डोनट होतेच ना?

कारिन : होते. हे कोचचं नाही हं, आम्ही मुलींनीच सुरू केलं होतं. जिला पाळी येईल तिने शनिवारी बसमध्ये डोनटचा डबा आणायचा. पाळी आली म्हणजे तिचा सराव कमी पडला. नुसती गंमत.

सोल्वे : आणि खायचं कोणी?

कारिन : मुलांची टीम खायची. आम्ही वास घ्यायचो.

सोल्वे : आम्हीही वासच घेतो. एप्रिलमध्ये त्या नवीन पोरीने आणला होता. डबा मांडीवर घेऊन शाळेपर्यंत रडत होती. त्यानंतर कोणीच आणलेला नाही. सातजणी आहोत आम्ही.

कारिन : मी चार वर्षांत एकदाही आणला नाही.

सोल्वे : अजून फुशारकी मारतेस.

कारिन : फुशारकी नाही. झालं ते सांगतेय.

सोल्वे : मग पुढचंही सांग. मी व्हावी म्हणून किती वर्षं थांबलात तू आणि बाबा?

कारिन : सहा.

सोल्वे : आणि जानेवारीत तुझं मनगट कसं मोडलं?

कारिन : बर्फावरून घसरले. मिनेसोटात सगळेच घसरतात.

सोल्वे : सगळ्यांची मनगटं मोडत नाहीत.

(दार वाजतं. डॉ. वांग आत येतात.)

डॉ. वांग : एमआरआय बघितला मी. सोल्वे, नडगीच्या हाडाला चीर गेलीये. तू पडली होतीस? कुठे आपटलीस?

सोल्वे : नाही. नुसती धावत होते.

डॉ. वांग : सतराव्या वर्षी नुसतं धावून हाड चिरतं, तेव्हा मला हाडापलीकडचं विचारावं लागतं. कारिन, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?

सोल्वे : नको. बसू दे तिला. अकरा महिने पाळी आलेली नाही, डॉक्टर. वीस तारीख वगैरे काही नाही.

डॉ. वांग : बरं. गरोदरपणाची चाचणी करावी लागेल. पाळी चुकली की सगळ्यात आधी तेच बघायचं असतं.

सोल्वे : करा. पण पहाटे पाचला उठून धावणारीला मुलगा भेटणार कधी?

डॉ. वांग : थायरॉइड, बाकीचे हार्मोन, सगळ्यासाठी रक्त घेऊ. पण मला काय वाटतं ते सांगते. तू जाळतेस जास्त, खातेस कमी. शरीराला पुरेना झालं की ते आधी पाळी बंद करतं. पाळी आणणारं हार्मोनच हाड सांभाळतं. ते आटलं की हाड झिजतं. या वयात तर ते भरायला हवं.

सोल्वे : कोच म्हणतात, शरीर तयार झाल्याची खूण आहे ती.

डॉ. वांग : शरीर उपाशी असल्याची खूण आहे. ओळीने तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टरकडे यायचं. धावणारी असो, नसो. तू आठ महिने उशिरा आलीस, तेही पायासाठी.

कारिन : मग गोळी द्या. गोळीने दर महिन्याला येते म्हणतात.

डॉ. वांग : रक्त येईल. हाड भरणार नाही. आणि सगळं ठीक चाललंय असं वाटेल, तो तोटा वेगळाच. हिला जेवण लागेल आणि विश्रांती लागेल.

कारिन : अकरा दिवसांनी स्पर्धा आहे.

डॉ. वांग : या पायावर धावली तर हाडाचे दोन तुकडे होतील. निदान तीन महिने धावायचं नाही. पाळी परत यायला त्याहून जास्त लागू शकेल.

सोल्वे : म्हणजे संपलं.

डॉ. वांग : हे वर्ष संपलं. पाय संपला नाही.

कारिन : तुम्हाला काय, बोलायला सोपं आहे.

डॉ. वांग : सोपं नाही. माझ्यासमोर शाळेचा खेळाचा फॉर्म आहे, या ऑगस्टचा. "पाळी नियमित येते का?" पुढे लिहिलंय, "नियमित." सोल्वे, हे अक्षर तुझं दिसत नाही.

कारिन : माझं आहे.

डॉ. वांग : ऑगस्टमध्ये नऊ महिने झाले होते. खरं लिहिलं असतंत तर आम्ही तेव्हाच थांबवलं असतं.

कारिन : म्हणूनच लिहिलं नाही.

डॉ. वांग : मी कुबड्या घेऊन येते. तुम्ही बसा.

सोल्वे : गेल्या त्या. आता बोल काहीतरी.

कारिन : काय बोलू? तू जिंकावंस असं वाटत होतं. मी राज्य स्पर्धेत चौथी आले होते, तीन सेकंदांनी. ते तीन सेकंद अजून जात नाहीत डोक्यातून.

सोल्वे : आई, तुझा फॉर्म कोण भरायचं?

कारिन : तुझी आजी.

सोल्वे : तिने काय लिहायचं?

कारिन : स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचायची. मी सांगायचे ते लिहायची. मी म्हणायचे, येते की दर महिन्याला.

सोल्वे : म्हणजे आजीला माहीत नव्हतं.

कारिन : नाही.

सोल्वे : तुला माहीत होतं.

कारिन : हो. मला माहीत होतं.