ट्रॅक्टरम्होरची बाज

माझं माहेर शेवगावकडचं, सासर हितलं, पाथर्डीच्या अंगाला, वढ्याच्या पल्याड बुद्धविहाराजवळची वस्ती. दसरा झाला की ऊस तोडायला जायचं, उन्हाळ्यात परतायचं, ह्यातच जिंदगी गेली. काय सांगू तुमाला, नवी नवरी हुते तवा ही गयाबाई स्वतःला लई शानी समजायची, आन् सुईवाली सिस्टर आली म्हनलं की ज्वारीच्या कनगीत लपायची. एकदा आतच शिंक आली, तर सासू म्हनली, आगं बया, कनगीला सर्दी झाली! अशी मी शूर.

सिस्टर बसायची वर गावात, देवळाच्या मंडपात. वरच्या आळीच्या बायांना सतरंजी, दंडाला पट्टा बांधून तपासनी, आन् आमी पायरीखाली उनात उभ्या. आमच्या वंजळीत वरनं गोळ्या पडायच्या, पोटावर हात कधी न्हाई. मी येडी त्या गोळ्या कोंबड्यांना टाकायचे. कोंबड्या मातर लई ठनठनीत हुत्या.

मग सून आली, मंगल. पोटुशी ऱ्हायली आन् सातव्यात दसरा आला. पाय मुसळासारखे सुजलेले, डोळ्याम्होरं काजवे चमकत्यात म्हनायची. टोळीचा मुकादम म्हनला, बाया उसाच्या फडात बाळंत होत्यातच की, गयाबाई, तुझं बी तसंच झालं न्हवं का? झालं हुतं खरं. माझी पहिली लेक फडात झाली आन् फडातच गेली, तवा कुनी इचारलं न्हाई. ह्या बारीला मला राग आला, आन् राग आला की माझं डोकं लई चालतंय.

निघायच्या दिशी सिस्टर आलेली हुती. मंगलला घिऊन वर गेले, तर मंडपातली एक बाई म्हनली, खालीच थांबा. सिस्टर म्हनली, गर्दी हाय, गोळ्या देते. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. घरी आले, बाज उचलली, वढ्याच्या फरशी पुलावर, टोळी भरून निघालेल्या ट्रॅक्टरम्होरं टाकली, मंगलला निजवली आन् पायथ्याला मिसरी लावत बसले. मुकादम वरडला, बाज काढ! म्हनलं, काढते की, सिस्टरनं हितं येऊन हात लावून तपासलं की काढते. मागं यष्टी आडली. कंडक्टर म्हनला, मावशी, पाथर्डी गाठायचीय. म्हनलं, बाबा, आमाला बी दवाखाना गाठायचाय. हे आयकून ट्रॅक्टरमधल्या बाया उतरल्या, आमच्या तर उतरल्याच, वरच्या आळीच्या तोडकरनी बी येऊन बाजेला टेकल्या. उसाचं पाचट काय जात बघून टोचतंय व्हय?

सगळा रस्ताच आडला, तवा सिस्टर मंडपातनं खाली आली. पट्टा बांधला आन् तिचं तोंडच उतरलं. म्हनली, बीपी लई वाढलंय, आत्ताच नगरला न्यायला पायजे. स्वतः दवाखान्याच्या गाडीत बसून संगं आली. नगरच्या सरकारी दवाखान्यात नात झाली, मुठीएवढी, काचेच्या पेटीत ठिवलेली. मी काचेला नाक लावून म्हनलं, ए भवाने, तुज्यापायी यष्टी आडवलीय, जगायचं हाय तुला. जगली. मंगल बी जगली.

त्या साली आमी ऊस तोडाया गेलोच न्हाई. म्होरल्या महिन्यात सिस्टर देवळाकडं गेलीच न्हाई. वढा उतरून वस्तीत आली आन् म्हनली, मावशी, बाज कुठाय? तवापासून टोळ्या निघायच्या आदी बाज पडती, आन् एक बी बाई तपासल्याबिगर ट्रॅक्टरवर चढत न्हाई. परवा त्योच मुकादम सुनेला घिऊन आला, मान खाली घालून म्हनला, गयाबाई, हिला बसू देशील का? म्हनलं, बसव की. आमच्या बाजेला पायरी न्हाई.

औंदा रगतातली साखर तपासाया मी बी बसले. डोळे गच्च मिटले. नात म्हनली, आज्जे, सुई टोचून बी झाली कवाच. म्हनलं, म्हाईत हाय, डोळ्यांना इसावा देत हुते.

आता बरं चाललंय. तुमी माझी ही गोष्ट लिवून घ्यायला आलाय, ती लिवा, सुखी ऱ्हावा. पर जायच्या आदी बाजेवर बसा जरा, सिस्टर येतीच हाय. तोंड लई पिवळं दिसतंय तुमचं.