हिल्सबरोच्या घरावरचा बोजा

चूक माझ्या बापाची. दीनानाथ टिपणीसांची नंतर, कायद्याची तर नाहीच — माझी थोडी आहे, ती सांगतो पुढे — पण मुळात बापाची. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय, इरावतीताई, नाहीतर मी तुमच्या गॅरेजची मापं घ्यायला आलोय, घरचं रडगाणं गायला नाही. तुम्ही कराराचं ते तिसरं पान बोटाखाली दाबून धरलंत आणि म्हणालात की आपल्या आपल्यात हे कशाला. अगदी हेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही, मी चोवीस वर्षांचा असताना बाबांच्या तोंडून ऐकलंय. तेव्हा गप्प बसलो. आता बसत नाही.

नाही नाही, उठू नका, चहा प्या तुम्ही. त्या पानावर एवढंच लिहिलंय की माझे पैसे थकले तर तुमच्या या घरावर बोजा चढवायचा हक्क मला. बोजा म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्यावर चढतो तोच. तो उतरेपर्यंत घर विकता येत नाही, बँक नवं कर्ज देत नाही. माझा आत्तेभाऊ सुशांतदादा ह्यूस्टनला छपरं घालतो, तिथे हा हक्क कायद्यानेच मिळतो, लीन म्हणतात त्याला — काम केलंस ना, मग घराला तुझा घाम चिकटला, तो पुसायचा तर पैसे टाका. इथे न्यूझीलंडमध्येही होता म्हणे, मी जन्मायच्या आधीच मोडीत काढला. का काढला? मला काय विचारता, मी तेव्हा नव्हतो. आता इथे ज्याने त्याने आपापलं पान जोडायचं. मी जोडतो. गोऱ्यांना देतो तेव्हा ते स्वीट ॲज म्हणतात, म्हणजे काही हरकत नाही, वकिलाला दाखवतात, सही करून आणतात. तोंड पडतं ते फक्त आपल्या लोकांचं.

टिपणीसकाका माहीत आहेत ना? मंडळाचे अध्यक्ष, हिल्सबरोला घर, वरच्या मजल्यावरून अख्खं मनुकाऊच्या खाडीचं पाणी दिसतं. नवा मराठी माणूस आला की तिथे जेवायला नेतात, तुम्हालाही नेलं असेल. — बघा. आम्ही अठ्ठ्याण्णव साली आलो तेव्हा काका एअरपोर्टवर घ्यायला आले आणि सात आठवडे आम्हाला त्यांच्या गॅरेजमध्ये ठेवलं. उपकार आहेत, मी नाही म्हणत नाही. पण बाबा ते सात आठवडे पुढे एकोणीस वर्षं फेडत होते. काकांचा कॉम्प्युटर बिघडला, चंद्रहास. काकांचे पाहुणे रोटोरुआला न्यायचेत, चंद्रहास. गणपतीत सतरंज्या घालायला आणि उचलायला, चंद्रहास. बँकेत सिनियर आर्किटेक्ट आहे हो माझा बाप, सॉफ्टवेअरचा — आणि काकांच्या दारात गेला की चपला काढायच्या आधी पाठ वाकते.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा काका भर कार्यक्रमात माईकवरून म्हणाले, असू दे रे चंद्रहास, समाजाला एखादा सुतारही लागतोच. हशा पिकला. बाबाही हसले. मी बघितलं त्यांना हसताना.

मग सतरा साली काकांनाच सुतार लागला. खाली एक खोली आणि बाथरूम, त्यांच्या आईसाठी म्हणाले, पुण्याहून यायची आहे, जिने चढवत नाहीत तिला. अठ्ठ्याहत्तर हजार सहाशेचं काम. मी लायसन काढून जेमतेम सहा महिने झालेले, सोबत सिओनी, माझा टोंगन दोस्त, आणि एक सेकंडहँड यूट, मागे सामान टाकायची गाडी. मी करार छापून नेला होता, चार पानं, स्टेपल करून. बाबा गाडीत शेजारी — नारळ फोडायला आलेले. काकांच्या गेटशी त्यांनी माझ्या हातातून ते कागद घेतले आणि सीटखाली सरकवले. आपल्या आपल्यात हे कशाला, ज्या माणसाने आपल्याला छप्पर दिलं त्याच्या दारात कागद घेऊन जायचं नाही, म्हणाले. आणि मी नारळ घेऊन उतरलो. ही माझी चूक. इथे तीस हजारांच्या वरच्या कामाला लेखी करार द्यायचा तो बिल्डरने, कायदा आहे, नाही दिला तर दंड बिल्डरला. मला माहीत होतं. मंडळाच्या वीस डॉलरच्या वर्गणीला कार्बन घालून दोन प्रतींत पावती फाडणारा माणूस समोर, आणि मी त्याच्याकडे तोंडी बोलून पाया खणतोय.

दोनदा पैसे दिले काकांनी, मिळून सदतीस हजार चारशे. मग आरसा तिरका दिसायला लागला. मग टाइल्सचा रंग वेगळा. मग काकूंना गिबच्या दोन पत्र्यांमधला जोड दिसतो — पत्रा नाही हो, भिंतीचा बोर्ड, प्लास्टरचा, पत्रा आपलं म्हणतो आम्ही. मी तीनदा जाऊन घासून आलो. नंतर फोन उचलणं बंद. आणि ऑगस्टमध्ये सिओनी मला फोनवर फोटो दाखवतो, ओळखतोस का हे बाथरूम — खोली भाड्याने लावलेली. रात्रीला एकशे दहा डॉलर. आई? आई पुण्यातच आहे, अजून. आली असती तरी ठेवली असती कुठे, बुकिंग फुल.

तर मी काय केलं — सगळे म्हणतात मी काकांना कोर्टात खेचलं, तसं नाही. मी एक कागद दिला. कायद्यात सांगितलाय तसा. काय काम, किती बाकी, कधीपर्यंत, आणि सोबत एक पान, की पटत नसेल तर वीस कामाच्या दिवसांत लेखी कळवा, किती देता आणि उरलेले का देत नाही. नाही कळवलंत तर सगळी रक्कम देणं लागता. करार तोंडी असला तरी हे चालतं, हे काकांना माहीत नव्हतं. वाचलं असतं तर कळलं असतं, त्याच पानावर लिहिलेलं होतं. पण त्यांनी काय केलं माहितीये? मंडळाच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या चंद्रहासच्या पोराने मला नोटीस दिली बघा. घरच्या पोराला लेखी उत्तर द्यायचं म्हणजे त्यांना कमीपणा. वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी एकेचाळीस हजार दोनशे पक्के झाले, आरसा तिरका असो की सरळ.

तरी देईनात. मग लवाद नेमला, ॲडज्युडिकेटर, सगळं कागदावरच चालतं, समोरासमोर नाही. तिथे काकांनी एक ईमेल जोडला. बाबांचा. मेमधला. — ताई, मी मेमध्ये त्या बाथरूमच्या फरशीवर गुडघ्यांवर होतो. बाबा दर शनिवारी यायचे, पोह्यांचा डबा घेऊन, सिओनीला वेगळा, बिनमिरचीचा. बादलीवर बसून बघायचे मी टाइल कशी बसवतो. एकदा म्हणाले, हात चांगला आहे तुझा. आणि त्याच आठवड्यात काकांना लिहिलं होतं, क्षितिजचे — म्हणजे माझे — बाकीचे पैसे राहू द्या, तुमच्याकडून घेणं बरं दिसत नाही, मी त्याला सांगेन. सांगितलं नाही. माझे पैसे परस्पर सोडून दिले आणि माझ्या शेजारी बसून पोहे खाल्ले.

मग मला लवादाला उत्तर द्यायचं होतं. एक वाक्य पुरे होतं, तेच लिहिलं — चंद्रहास यांचा माझ्या व्यवसायाशी काहीही संबंध नाही आणि माझ्या वतीने बोलण्याचा त्यांना कोणताही अधिकार नाही. यूटचे पहिले आठ हजार त्यांनी दिलेले, ते नाही लिहिलं. विचारलं नव्हतं कोणी. त्याची एक प्रत काकांना जाते, आणि काकांकडून कुठे जाणार ते मला कळत होतं. कळून लिहिलं. आजही लिहीन. तेच वाक्य, त्याच शब्दांत.

निकाल माझ्या बाजूने लागला. हिल्सबरोच्या घरावर बोजा चढला, कोर्टाच्या शिक्क्यानिशी. काका नेमकं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवत होते, बँक म्हणाली आधी हे उतरवा. बारा दिवसांत पैसे माझ्या खात्यात. एकरकमी. म्हणून सांगतो, हे पान कामाचं आहे, नुसतं —

कोणी दिले म्हणजे? काकांनीच. त्यांच्याच घरावर होता ना बोजा.

— तुम्ही ऑडिटमध्ये आहात म्हणालात नाही का. विसरलोच.

बरं. पैसे ज्या खात्यातून आले तो नंबर काकांचा नव्हता. त्या नंबरवरून मला शाळेच्या कॅम्पचे पैसे यायचे, शेवटचे आकडे झोपेत सांगेन. मी आईला फोन केला. तिने सांगितलं, बाबांनी आमच्या घरावरचं कर्ज वाढवून घेतलं. आपण शब्द दिला होता तो आपणच पाळायचा, म्हणाले म्हणे. काकांनी एक सेंट दिला नाही. त्यांच्या घरावरचा बोजा उतरला आणि आमच्या घरावर चढला. आणि मी परत केले नाहीत. का करू? सिओनीचे नऊ आठवडे थकले होते, लाकडाच्या वखारीचं बिल होतं, आणि उरलेले माझे होते. माझे. मी काम केलं होतं. कोणी दिले हा त्या दोघांचा प्रश्न, त्यांनी सोडवावा. एकाने उभा जन्म उपकार मोजले आणि दुसऱ्याने मोजून घेतले, मध्ये मी का मरू?

तर ते असं आहे. पेन हे घ्या. नको असेल तर आत्ताच सांगा, मापांचे पैसे मी घेत नाही, तुम्ही दुसरा बघा, सँडरिंगहॅममध्ये बिल्डर हीप्स आहेत, ढिगाने. — नाही. बाबांशी बोल, ते मला सांगू नका. फोन केला होता मी, दोनदा, आई उचलते.

एकेचाळीस हजार दोनशे मिळाले. सोळा महिने झाले, बाबा माझ्याशी बोललेले नाहीत.